दर गुरुवारी मेव्हण्याची गाडी

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. दवाखान्यात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, मनात येईल ते लिहीत जा, उपयोग होतो. मनात काही येत नाहीये. हे लिहिलं.

पहिली गोष्ट म्हणजे मी व्यसनी नाही. व्यसनी लोक वेगळे. ते पेट्रोल पंपाच्या मागे टोपी डोळ्यांवर ओढून उभे असतात. मी आर्विल स्टिल्टनर, पिजन फोर्क चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरच्या खालोखालचा सेवक, दर बुधवारी प्रार्थनेच्या विनंत्या घेणारा. कोळशाच्या खाणीत छत ढासळू नये म्हणून त्याला बोल्ट मारायचो. एके दिवशी तेच छत पाठीवर येऊन बसलं. वेदनेच्या गोळ्या मला डॉक्टरने लिहून दिल्या, सही-शिक्क्यानिशी. पुढे भरमसाट गोळ्या वाटतो म्हणून पोलिसांनी त्या डॉक्टरलाच उचललं, यात माझा काय दोष? मग गोळ्या बाहेरून घ्याव्या लागल्या. पेट्रोल पंपाच्या मागून. पण मी टोपी घालत नाही.

आता ग्लेनाचा विषय. एकदाच लिहितो आणि संपवतो. जानेवारीत बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या गोळ्यांची बाटली सिंकवरच्या फळीवर होती, अगदी हाताशी. मी त्यातल्या घेतल्या आणि बाटली रिकामी दिसू नये म्हणून तिच्याच कॅल्शियमच्या गोळ्या आत भरल्या. दिसायला साधारण सारख्या. ती सोफ्यावर पाय उशीवर ठेवून, टॉवेलचं टोक दातात धरून पडलेली असायची. म्हणायची, आर्विल, या नव्या डॉक्टरच्या गोळ्यांत काही दम नाही रे. मी म्हणायचो, हल्ली सगळ्यातच भेसळ.

हे वाक्य आठवलं की घास उतरत नाही. काल बीन्स दोनदा घेतले, पण मन लागलं नाही.

शनिवारी तिने चष्मा लावून गोळी नीट बघितली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला रागावता तरी आलं असतं. म्हणाली, दवाखान्यात जा, नाहीतर मी ओहायोला बहिणीकडे जाते. कुणाला सांगणार नाही, माझ्या भावाला, डेलबर्टलासुद्धा नाही. पण जा.

संकल्प: गुरुवारपासून उपचार. ईस्टरपर्यंत खडखडीत बरा. मे महिन्यात कबरींवर फुलं वाहायच्या रविवारी सगळ्या गावासमोर ताठ उभा.

६ मार्च, बुधवार

अडचण. दवाखाना काउंटीच्या मुख्य गावात, ऐन हमरस्त्यावर. पूर्वी तिथे सतरंज्या-गालिच्यांचं दुकान होतं. समोर आइस्क्रीमवाला, बाजूला बायकांचं पार्लर. म्हणजे सगळी दुनिया तिथून जाते. आणि आमच्याकडे माणूस नंतर ओळखतात, गाडी आधी. वळणावर समोरून कोण येतंय हे लोक बॉनेट बघून सांगतात आणि बॉनेटलाच हात करतात. माझी पिकअप लाल आहे आणि डावं दार करडं, कारण हरणाने धडक दिल्यावर भंगारातून तेच मिळालं. तिला लपवणं शक्य नाही.

बराच विचार केला आणि मार्ग सापडला. डेलबर्ट!

डेलबर्ट म्हणजे ग्लेनाचा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवतो. त्याच्या घराकडची वाट अरुंद, बस वळत नाही, म्हणून बस आमच्या अंगणाशेजारी उभी असते. सकाळी तो आपली पिकअप इथे लावतो, पोरांना शाळेत सोडतो, मधल्या वेळेत बस नदीकाठी लावून एकटाच गळ टाकून बसतो आणि शाळा सुटल्यावर परत. तेवढा वेळ त्याची पिकअप माझ्या दारात नुसती उभी. हिरवी. मागे शिकारी कुत्रीसाठी त्याने स्वतः ठोकलेली लाकडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात ‘रूबी’.

ही गाडी माझी नाही हे कुणीही सांगेल. म्हणजे मी तिथे आलोय हे कुणालाच कळणार नाही. अशी युक्ती सुचायला डोकं लागतं. ते अजून शाबूत आहे, व्यसनी माणसाचं नसतं.

डेलबर्टला सांगितलं, पाठीच्या व्यायामाला जायचंय, माझ्या गाडीचा गिअर अडकतोय. तो म्हणाला, घ्या की दाजी, विचारता काय, किल्ली गाडीतच असते.

७ मार्च, गुरुवार

पहिला दिवस. खाणीत आम्ही सगळे छताकडे बघायचो, इथे सगळे फरशीकडे बघतात.

कपात लघवी. मग समुपदेशक बाई. नाव ब्रँडी. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात.

कालच फोनवर बजावलं होतं, अंगात आधीची गोळी नको, त्रास सुरू झाल्यावरच या. अंग मोडलेलं, नाक गळतंय, असं आजारी होऊन. तरच नवीन औषध लागू पडतं, नाहीतर उलटतं. आता एवढा वळणावळणांचा रस्ता आजारी माणसाने कसा चालवायचा? म्हणून निघताना एक घेतली. एकच, धीर म्हणून. नर्सने विचारलं, शेवटची कधी घेतली? मी म्हटलं, मंगळवारी. तिने परत विचारलं. मी परत मंगळवारी म्हटलं. एकदा सांगितलेली गोष्ट मी बदलत नाही.

औषध म्हणजे एक पातळ पट्टी, जिभेखाली ठेवायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. नर्स म्हणाली, थोडा वेळ इथेच बसा. मी खुणेनेच सांगितलं की बाहेर मोकळ्या हवेत बसतो, आणि गाडीत जाऊन बसलो.

पुढचं लिहवत नाही. घाम, थंडी, हाडांत कुणीतरी स्क्रू पिळतंय. डेलबर्टच्या गाडीत पायपुसण्यावर उलटी झाली. मिळेल त्या चिंधीने पुसली.

निष्कर्ष: हे औषध मला मानवत नाही.

८ मार्च, शुक्रवार

डेलबर्ट सकाळी म्हणाला, दाजी, रूबीने गाडीत उलटी केली वाटतं. मी म्हटलं, बिचारी, काहीतरी खाल्लं असेल. त्याने पायपुसणं काढून अंगणातल्या नळाखाली घासलं. बादली मी धरली. तेवढं आपण करायला हवं.

जाताना सांगत होता की रूबी मागच्या आठवड्यात व्यायली. पिल्लांना सोडून घराबाहेर पाऊल टाकत नाही. एक पिल्लू घ्या म्हणाला. मी म्हटलं, बघू. आमचं बोलणं छान झालं.

१४ मार्च, गुरुवार

दुसरा प्रयत्न. या वेळी खरोखर आजारी होऊन गेलो. नाक, डोळे, सगळं वाहत होतं. ब्रँडीने विचारलं, मागच्या वेळी येताना काही घेतलं होतं ना? मी म्हटलं, शास्त्रात तसं असू शकतं.

पट्टी ठेवली. थोड्या वेळाने हाडांतला पिळणारा माणूस निघून गेला. मी वाट बघत होतो तो परत येईल म्हणून. आला नाही.

घरी आलो तर ग्लेनाने कॉर्नब्रेड ओव्हनमधून काढला होता आणि मला त्याचा वास आला. कितीतरी वर्षांत आला नव्हता, आणि नव्हता येत हेही मला माहीत नव्हतं. डोळे भरून आले. ग्लेनाला म्हटलं, वाफ गेली डोळ्यांत.

योजना: ओसरीच्या फळ्या बदलणे. बॅन्जो परत काढणे. तरुण मुलांना शाळेत जाऊन चार शब्द सांगणे.

१९ मार्च, मंगळवार

दवाखाना आठवड्याच्या पट्ट्या घरी देतो. पट्टी रोज सकाळी ग्लेनासमोर. ती म्हणते, पट्टी जिभेखाली असली की तू गप्प असतोस, हे औषध आपल्या लग्नाच्या वेळी का नव्हतं? बऱ्याच दिवसांनी हसली. गुडघा धरून हसली, पण हसली.

२१ मार्च, गुरुवार

उत्तम प्रगती. ब्रँडीला सांगितलं की पुढेमागे मीही समुपदेशक व्हायचं म्हणतो. ती म्हणाली, आधी घरचं एक माणूस इथे घेऊन या, गटात बसायला. मी म्हटलं, आमचं घर लहान आहे.

२७ मार्च, बुधवार

चर्चमध्ये विनंत्या घेत होतो. आमच्याकडे पद्धत अशी, मी पुढे उभा राहतो, लोक हात वर करतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा दूर सैन्यात. ज्याला सांगायचं नसेल तो नुसतं ‘मनातली’ म्हणतो. त्याला कुणी काही विचारत नाही, पण घरी जाताना सगळे त्याच्याबद्दलच बोलतात.

सिस्टर ओपलने हात वर केला (आमच्या चर्चमध्ये सगळेच ब्रदर नाहीतर सिस्टर). ती पास्टरची मेव्हणी, आणि गावाचं रेडिओ स्टेशन. म्हणाली, ब्रदर आर्विल, मी नाव घेणार नाही. नाव घेणं मला मुळीच आवडत नाही. पण आपल्यातल्या एका भावासाठी प्रार्थना करा. त्याची हिरवी पिकअप दर गुरुवारी त्या गोळ्यांच्या दवाखान्यासमोर उभी असते. मी पार्लरमध्ये असते म्हणून दिसते. मागे कुत्र्याची पेटी आहे. पण नाव मी घेणार नाही.

सगळं चर्च मागे वळलं. डेलबर्ट शेवटच्या बाकावर बसतो. त्यानेही मागे वळून बघितलं. त्याच्यामागे भिंत होती.

आणि प्रार्थना करायची माझ्यावर. मी डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, त्या भावाला बळ दे, मोहापासून लांब ठेव. सगळे आमेन म्हणाले. सगळ्यात मोठा आमेन डेलबर्टचा.

मला काहीतरी होतंय. लाजेचं काहीतरी.

२८ मार्च, गुरुवार

विचार केला. आता एकदम डेलबर्टची गाडी न्यायची थांबवली तर लोकांना वाटेल, बघा, बोभाटा झाल्यावर यायचा बंद झाला. त्याचीच बदनामी वाढेल. म्हणून त्याच्या भल्यासाठी गाडी आजही नेली.

काल चर्चमधून घरी येताना ग्लेना बोलली नाही. आज सकाळीही नाही. दुपारी एवढंच म्हणाली, शब्द मी दिलाय, म्हणून मी गप्प आहे. तू कुणाला शब्द दिलायस?

ईस्टरनंतर सांगणार. ईस्टरच्या आनंदात विरजण नको.

११ एप्रिल, गुरुवार

ईस्टर झाला. सांगणार होतो, पण डेलबर्टच घाईत होता.

ओसरीच्या जुन्या फळ्या काढल्या. नवीन अजून आणल्या नाहीत. सध्या उडी मारून घरात जावं लागतं.

बसथांब्यांवर आता आया स्वतः येऊन उभ्या राहतात. पोराला आत सोडायच्या आधी डेलबर्टच्या डोळ्यांत बघतात. एकीने तर त्याला जीभ बाहेर काढायला लावली. त्याने काढली. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना हसत होता. माझ्याच्याने हसवलं नाही.

म्हणून मंगळवारी पाठ फार दुखली. पेट्रोल पंपाकडे जायचं नव्हतं, पेट्रोल भरायचं होतं. एकच घेतली. मग काल एक. पट्टी त्या दोन्ही दिवशी ठेवली नाही, ग्लेनासमोर ठेवल्यासारखी करून खिशात टाकली. दोन्ही एकदम घ्यायचं नाही एवढी शिस्त मी पाळतो.

आज कपात लघवी द्यायची म्हणजे सगळं दिसणार. त्यामुळे आत गेलो नाही. दवाखान्यासमोर गाडी लावली आणि रस्ता ओलांडून आइस्क्रीमवाल्याकडे हॉटडॉग खाल्ला. वरून कोबीची कोशिंबीर. पण दवाखान्याकडे तोंड करून बसलो. जाणं तर झालंच.

१८ एप्रिल, गुरुवार

गाडी दवाखान्यासमोर. मी आइस्क्रीमवाल्याकडे. ब्रँडीचा घरी फोन येऊन गेला, ग्लेना दुकानात होती, हे नशीब. मी सांगितलं, सर्दी आहे. पुढच्या गुरुवारी नक्की.

२७ एप्रिल, शनिवार

गुरुवारी सर्दी होती.

आज चर्चचं रानलसणाचं जेवण. डोंगरातून टोपल्याच्या टोपल्या खणून आणतात, बटाटे आणि बेकनबरोबर परततात. जेवल्यावर कुणी कुणाच्या जवळ उभं राहू शकत नाही असा वास. सगळ्यांच्या तोंडाला तो वास असूनही लोक गर्दी करून, खांद्याला खांदा लावून बसले आणि लांब बसले ते फक्त डेलबर्टपासून. त्याच्या टेबलावर तो आणि केचपची बाटली.

मी त्याच्याकडे जाऊन बसणार होतो. पण पास्टर एस्टिलने मला हाक मारून शेजारी बसवून घेतलं. पास्टरला नाही म्हणता येत नाही. ग्लेना गेली, लंगडत ताट घेऊन, भावाच्या समोर जाऊन बसली. दोघं बोलत होती. माझ्याकडे बघत नव्हती, आणि त्यामुळेच मला कळलं की माझ्याबद्दल बोलतायत.

२ मे, गुरुवार

धक्कादायक बातमी. शाळेच्या ऑफिसने डेलबर्टला बोलावून सांगितलं, तपासणी करून घे. कपात लघवी, पाच मिनिटांचं काम, स्वच्छ निघालास की विषय मिटला. आणि डेलबर्ट नाही म्हणाला! कारण विचारलं तर म्हणे, मला नाही द्यायची. बसची किल्ली टेबलावर ठेवून चालत घरी आला.

आता प्रश्न असा की स्वच्छ माणूस नाही कशाला म्हणेल?

मी या क्षेत्रातला आहे, मला लक्षणं कळतात. माणूस एकटा राहतो. तासन्‌तास नदीकाठी बसतो, मासे क्वचित आणतो. विनाकारण हसतो. इतके दिवस माझ्या मनाला खात होतं की त्याची बदनामी माझ्यामुळे झाली. पण धूर असल्याशिवाय कोण कशाला नाही म्हणेल? बिचारा डेलबर्ट. मी त्याच्याच गाडीतून फिरत होतो आणि मला दिसलं नाही.

किती हलकं वाटतंय. तसं वाटायला नको, पण वाटतंय.

५ मे, रविवार

दवाखान्याचं माहितीपत्रक (मार्चमधलं, कडेला थोडं मळलेलं) घेऊन नदीवर गेलो. डेलबर्ट गळ टाकून बसला होता. मी शेजारी बसलो आणि ब्रँडी बोलते त्या आवाजात म्हटलं, डेलबर्ट, यात लाजण्यासारखं काही नाही. हा आजार आहे. पहिलं पाऊल म्हणजे स्वतःशी खरं बोलणं. आणि पत्रक त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने पत्रक बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग इतका हसला की गळाची काठी पाण्यात पडली.

म्हणाला, दाजी, रूबी तेव्हा व्यालेली होती हो. पंधरा दिवस घराबाहेर पडली नव्हती. ती कुठून येते गाडीत उलटी करायला? आणि हेच पत्रक माझ्या गाडीच्या सीटखाली सापडलं होतं मला, मीच परत ठेवलं तिथे.

मी म्हटलं, मग तपासणी का नाही दिलीस? तुझी बस गेली.

तो पाण्यात वाहत जाणाऱ्या काठीकडे बघत म्हणाला, दिली असती तर स्वच्छ आली असती. मग दुसरा प्रश्न काय आला असता? मग ती गाडी दर गुरुवारी कोण नेत होतं? ओपलने संध्याकाळच्या आत उत्तर काढलं असतं. आणि तुम्ही जायचं बंद केलं असतं, दाजी. मी तुम्हाला ओळखतो. ताई रोज माझ्याशी भांडते, मी गावाला सांगून टाकते म्हणते. मीच तिला म्हटलं, दाजी जातायत ना? जाऊ दे. बस काय, परत मिळेल. त्या बुधवारी मी आमेन एवढ्या मोठ्याने म्हटलं, ते तुमच्यासाठीच होतं.

आणि म्हणाला, गुरुवार चुकवू नका. टाकी भरून ठेवलीय.

मी गेले कित्येक गुरुवार आत पाऊल ठेवलेलं नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं. नक्की उघडलं होतं. तेवढ्यात त्याची काठी एका फांदीला अडकली आणि तो ती काढायला पाण्यात उतरला.

९ मे, गुरुवार

डेलबर्ट सकाळीच गाडी घेऊन हजर. बस नाही, काम नाही, तरी आला. किल्ली हातात देऊन म्हणाला, पाठीच्या व्यायामाला उशीर होतोय.

गेलो. गाडी लावली. दारापर्यंत गेलो. दाराच्या काचेत मी दिसलो आणि परत फिरलो. आज हॉटडॉग मागवला, खाल्ला नाही.

अंगणाशेजारी बस उभी असायची तिथे आता तेलाचा डाग आहे. खिडकीतून तोच दिसतो. पडदा लावला.

२० मे, सोमवार

पक्का संकल्प. येत्या रविवारी कबरस्थानात, सगळ्यांसमोर. साक्ष द्यायची वेळ असते तेव्हा उठून सांगणार. जूनच्या पहिल्या सोमवारी शाळेच्या कमिटीची मीटिंग आहे, त्यात डेलबर्टचा निकाल लागणार. त्याच्या आत सगळं स्वच्छ. भाषण आरशासमोर म्हणून बघितलं. मलाच रडू आलं. चांगलं बोलतो मी.

२६ मे, रविवार

सगळे टेकडीवर. कबरींवर प्लॅस्टिकची फुलं, झाडाखाली लांब टेबलं, त्यावर झाकलेल्या पातेल्या. गाणी झाली. पास्टर एस्टिल म्हणाला, कुणाला मन मोकळं करायचंय? मी उठलो. म्हटलं, दवाखान्यासमोर ती गाडी मी नेत होतो. डेलबर्ट नव्हे. मी.

मग सिस्टर ओपलने हुंदका दिला. म्हणाली, केवढं मन आहे या माणसाचं!

पास्टरने पुढे येऊन मला मिठी मारली. सगळ्यांना म्हणाला, बघा. मेव्हण्याचा कलंक स्वतःच्या कपाळाला लावून घ्यायला निघालाय. याला म्हणतात घरचं माणूस. मी म्हटलं, नाही, खरंच मी. तो म्हणाला, आम्हाला कळतं ब्रदर, आम्हाला कळतं. मी अजून एकदा म्हटलं. जरा हळू म्हटलं असेल. लोक जास्तच रडायला लागले. डीकनच्या पदावर पंचवीस वर्षं काढली की असं होतं, लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात आणि तुमचं ऐकत नाहीत.

खिशात पट्ट्या होत्या, न वापरलेल्या. त्या काढून दाखवल्या असत्या तर पटलं असतं. हात खिशापर्यंत गेला होता. पण ओपलने त्या हातात केळ्याच्या पुडिंगची बशी ठेवली. पहिली वाढ, मानाची. बशी धरल्यावर खिशात हात घालता येत नाही.

डेलबर्ट आईच्या कबरीशेजारी गवतात एकटाच जेवत बसला होता. त्याने लांबून काटा उंचावून मला सलाम केला. ग्लेना जेवली नाही.

पुडिंग चांगलं झालं होतं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

३० मे, गुरुवार

आत गेलो.

ब्रँडीला सगळं सांगितलं. पंपामागचं, खिशातल्या पट्ट्या, हॉटडॉग, डेलबर्ट, ग्लेनाच्या कॅल्शियमच्या गोळ्या. कॅल्शियमचं फरशीकडे बघत सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, बरं झालं आलात. परत पहिल्यापासून सुरू करू. आजारी होऊन सोमवारी या. आणि घरचं माणूस?

आहे, म्हटलं. एक आहे.

३ जून, सोमवार

सकाळी पट्टी सुरू झाली, या वेळी काही न घेता, खरा आजारी होऊन. संध्याकाळी शाळेच्या कमिटीत जाऊन सगळं सांगणार होतो. पण दुपारपासून थंडी वाजून पलंगातून उठवेना. हे खरं आहे. ग्लेना साक्षीदार आहे. तिने माझ्या कपाळावर ओला टॉवेल ठेवला आणि त्याचं एक टोक माझ्या दातांत दिलं.

बस दुसऱ्या माणसाला दिली. डेलबर्टने स्वतःच येऊन सांगितलं, आणि विचारलं, दाजी, आज काही खाल्लं का?

६ जून, गुरुवार. सकाळ

आज माझी स्वतःची गाडी. लाल, करडं दार. दवाखान्याच्या ऐन दारात, रस्त्याकडे तोंड करून लावणार. डेलबर्ट शेजारच्या सीटवर. गुरुवारी ओपल पार्लरमध्ये केस सेट करायला येतेच. येऊ दे. बघू दे. विचारलं की सांगणार, पेशंट मी. वाक्य पाठ केलंय. दोनच शब्द आहेत. पुढचं ओपल करेल, दुपारपर्यंत शाळेलाही कळेल, बसचंही काहीतरी होईल.

दुपार

ठरल्याप्रमाणे गाडी दारात लावली. डेलबर्ट माझ्याबरोबर गटात बसला. ओळख करून द्या म्हटल्यावर म्हणाला, मी यांचा मेव्हणा, गाडी माझी असते. फरशीकडे बघणारे सगळे वर बघून हसले. मीही हसलो. चांगला तास गेला.

निघताना नर्सने समोरच पट्टी ठेवायला लावली. विरघळेपर्यंत बोलायचं नाही म्हणाली, नाहीतर वाया जाते. पायऱ्या उतरून गाडीत बसलो तोच ओपल आली, नवीन केस, वरून जाळी. खिडकीवर टकटक केलं. मी काच खाली घेतली.

ती माझ्या पलीकडे बघून म्हणाली, डेलबर्ट, बाळा, धीर सोडू नकोस. मग माझा खांदा धरून म्हणाली, ब्रदर आर्विल, स्वतःची पाठ एवढी दुखत असून मेव्हण्याला घेऊन येता. देव बघतोय हं.

मी तोंडाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, कळतं मला, शब्दच फुटत नसतील.

डेलबर्ट माझ्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता, घाई नसल्यासारखा. मग ओपलला म्हणाला, हो सिस्टर, दाजी आहेत म्हणून माझं चाललंय. ती डोळे पुसत गेली.

डेलबर्ट म्हणाला, विरघळली की सांगा दाजी, आइस्क्रीम खाऊ. मी मान हलवली.

पट्टी जिभेखाली असताना बोलायचं नसतं. नर्सने बजावलं होतं, म्हणून मी बोललो नाही.

खरं तर ती पायऱ्या उतरतानाच विरघळली होती.